सतराव्या परिच्छेदातलं सर्वनाम

काचेच्या खोक्यात बसून मी दुसऱ्यांचा ‘मी’ बोलते.
वीस मिनिटं फ्रेंचमधून इंग्रजीत,
मग पाण्याचा घोट, मग जोडीदाराची पाळी.
मंत्री खोकला तर खोकला गाळायचा,
रागावला तर राग आणायचा, पण अर्धाच.
बांजुलच्या या हॉटेलाखाली समुद्र आहे.
भिंतीवरचा मसुदा नीट दिसावा म्हणून
पडदे ओढून घेतलेत.

दोन खंडांचा संवाद. मानवी हक्क. फेरी अकरावी.
टेबलाच्या या कडेला एक खंड, त्या कडेला दुसरा,
मध्ये पाण्याच्या बाटल्या, ओळीनं, झाकणं न उघडलेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडं अडलं सतराव्या परिच्छेदाशी:
‘किनाऱ्यांवर सापडलेले...’
कोणी म्हणालं मृतदेह, कोणी म्हणालं अवशेष.
कोणी सुचवलं, अनोळखी व्यक्ती म्हणू या, सौम्य आहे.
केब्बा सान्यांग, ज्याचा बाप होडी वल्हवायचा,
चष्मा पुसत म्हणाला, अनोळखी कोणाला?
हे मी तसंच पोचवलं. सोपं होतं.

मग ‘माहिती देऊ’ की ‘देण्याचा विचार करू’.
यात चहा निवला.
एका स्वल्पविरामासाठी ब्रुसेल्सला फोन गेला,
तिकडे जेवणाची सुट्टी होती.

दिकेल बा हिला चार मिनिटं दिली होती.
पोडोरहून आलेली, नदीकाठची, माझ्याच भाषेची.
पुलार भाषेचा दुभाषी कोणी मागवलाच नव्हता.
अध्यक्षांनी काचेकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिनं कागद आणला नव्हता.
म्हणाली, डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली,
सुईण हसली होती, हा पोहणारा होईल म्हणून.
म्हणाली, सोळा महिने झाले.
चार कचेऱ्यांत नाव दिलं,
चारही ठिकाणी वेगवेगळं लिहून घेतलं.
मग म्हणाली,
आपला मुलगा कुठल्या कोनाड्यात ठेवलाय, तेवढं सांगा.

आपला.

आमच्या भाषेत दोन आहेत.
‘मिनेन’ म्हणजे आम्ही. ऐकणारा उंबऱ्याबाहेर.
‘एनेन’ म्हणजे आपण. ऐकणारा आत आला,
चटईवर बसला, त्याच वाडग्यात त्याचा हात.
बोबडं बोलणारं पोरही यात चुकत नाही.
फ्रेंचकडे मात्र एकच, इंग्रजीकडेही एकच,
मोठा सैल कोट. कोणीही चढवावा,
उकडायला लागलं की खुंटीला अडकवावा.

माझा माइक दोन सेकंद गप्प राहिला.
कानात दोन सेकंदांची शांतता झाली की
माणसं यंत्राकडे बघायला लागतात.
मी म्हटलं, ‘अवर सन’.
आणि मग, बावीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडून,
‘ती तुम्हाला धरून बोलते आहे.’

अध्यक्षांनी विचारलं,
हे वाक्य साक्षीदाराचं की दुभाषीचं?
खरं तर ते व्याकरणाचं होतं.
साक्षीदाराचं, मी म्हणाले.
कोणीतरी बाटलीचं झाकण उघडलं.
त्याचा आवाज मोठा आला.

संध्याकाळी परिच्छेद मंजूर झाला.
माहितीची देवाणघेवाण करू, शक्य असेल तेथे.
‘शक्य असेल तेथे’ अगदी शेवटी आलं,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं,
आणि सगळ्यात चांगली खुर्ची धरून बसलं.
करू म्हणणारे आम्ही की आपण,
कागद सांगत नाही.

जिन्यात इनेस ओल्मेदो भेटली. त्या बाजूची.
बेटांवरच्या शवागारांच्या नोंदी तिच्याकडे असतात.
दोन दिवस ती एक शब्द बोलली नव्हती.
डावा पाय ना? तिनं विचारलं,
आणि गळ्यातल्या बिल्ल्यामागे लिहून घेतलं.
पेन तसंच धरून म्हणाली, आणि तो शब्द?
तो कसा लिहायचा?

मी सांगितला. तिचं एक अक्षर चुकलं.
पेन मागून घेतलं, नीट केलं.

खाली दिकेल बससाठी उभी होती,
समुद्राकडे पाठ करून.